रकाना अकरा

दोघांनीही यायचं. एकट्यानं चालत नाही.
फोटो असलेलं ओळखपत्र, चाळीस डॉलर,
आणि निळी किंवा काळी शाई. पेन्सिल नको,
पेन्सिलीनं लग्न होत नाही आमच्या काउंटीत.
गेली एकवीस वर्षं
काचेच्या या बाजूनं मी हेच सांगते आहे,
मका काढायच्या दिवसांत, बर्फात,
आणि ज्या दिवशी माझा स्वतःचा घटस्फोट
वरच्या मजल्यावर झाला, त्या दिवशीही.

मंगळवारी सव्वातीनला ते आले,
टर्कीच्या कारखान्यातली पाळी संपवून,
हात इतके धुतलेले की बोटांची टोकं पांढरी.
सॉ एह दोह. नॉ पॉ वा.
यातलं आडनाव कुठलं? मी विचारलं.
तो म्हणाला, सॉ म्हणजे नुसतं श्रीयुत,
बाकीचा सगळा मीच.

जन्मतारीख: एक जानेवारी.
तिचीही एक जानेवारी.
मी चष्म्यावरून बघितलं.
छावणीत सगळ्यांना तीच मिळाली, तो म्हणाला,
तांदळाबरोबर.
आमच्या ओळीत एका दिवशी दोनशे वाढदिवस
आणि केक एकही नाही.
हसावं की नाही, ते मला कळेना.
मी तारीख दोनदा टाइप केली.

मग रकाना अकरा:
आईचं माहेरचं आडनाव.

तिथं तिचं पेन थांबलं.
थांबलं म्हणजे थांबलंच.
मागे जमिनीच्या कागदांसाठी उभा असलेला
ऑरिन वाल्डनर दोनदा खाकरला.
मी सवयीनं म्हणाले, माहीत नसेल तर
'अज्ञात' लिहा. पुष्कळ जण लिहितात.

अज्ञात नाही, ती म्हणाली.
आवाज चढवला नाही.
आई खाली गाडीत बसली आहे,
गुडघे जिना चढू देत नाहीत म्हणून.
तिचं नाव सेर मू. एवढंच.
तिच्या आईचंही एवढंच लहान होतं.
माहेर होतं तिला,
नदीच्या वळणावर, सुपारीच्या झाडांत,
भात कापायच्या आठ दिवस आधी सैनिकांनी जाळलं ते.
आडनाव नव्हतं.
नव्हतं, म्हणून तेवढं जळलं नाही.

कॉम्प्युटर रिकामा रकाना घेत नाही.
रेघ टाकली: लाल.
शून्य टाकलं: लाल.
राजधानीत फोन लावला, तिथं बासरी वाजत राहिली.

शेवटी मी काउंटर सोडून उठले.
ऑरिनला म्हटलं, जमीन कुठं पळून जात नाही तुझी.
खाली वारा असा की गाडीचं दार
दोन हातांनी धरावं लागलं.
म्हातारीच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल,
तिच्यात सगळ्या घराचे कागद,
आणि फाइलवर दोन्ही तळवे,
झाकण लावल्यासारखे.
मी विचारलं. मुलीनं तिच्या भाषेत विचारलं.
म्हातारी बराच वेळ बोलली,
मध्येच बोटानं हवेत काहीतरी वळण काढलं.
नदी असावी.
मुलीनं मला एकच वाक्य दिलं:
ती विचारते, आडनाव नसलं तर दंड किती?

दंड नाही, मी म्हणाले. दंड नाही.
तीनदा म्हणाले बहुतेक.

वर येऊन मी लिहिलं, सेर मू.
नावाच्या जागी सेर मू,
आडनावाच्या जागी पुन्हा सेर मू.
पडदा निमूट पुढं सरकला.
नियमात बसतं की नाही, विचारलं नाही कुणाला.

परवाना नव्वद दिवस चालतो, मी सांगितलं.
त्यानं विचारलं, मग शिळा होतो?
होतो, म्हटलं. तशी घाई करू नका,
पण हिवाळा बघून ठरवा.

संध्याकाळी घरी बँकेचा फोन.
खात्री पटवण्यासाठी एक प्रश्न:
आईचं माहेरचं आडनाव?
क्लाइनसासर, मी म्हणाले.
मुलगा म्हणाला, धन्यवाद, ओळख पटली.
आईबद्दल त्यानं
पुढं काहीच विचारलं नाही.